याची बिशाद काय?

सप्टेंबर उजाडला की कोल्हापूर जिल्ह्यात सभांचा हंगाम सुरू होतो. सहकार कायद्याच्या ७५व्या कलमानुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे साखर कारखाने, दूध संस्था, पतसंस्था, विकास सोसायट्या असे सगळ्यांचे मांडव थोड्याफार फरकानं एकाच वेळी पडतात. विषय वाचून व्हायच्या आत पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’चा गजर उठतो, मागून ‘नामंजूर’चा. त्या गलक्यात एखादा सभासद माइक मागतो आणि अहवालातल्या एका आकड्यावर बोट ठेवतो. त्याच्याबद्दल मग दोन वाक्यं गावभर फिरतात. त्याच्याकडचे म्हणतात, ‘काय डेअरिंग केलं गड्यानं!’ आणि व्यासपीठाकडचे म्हणतात, ‘ह्याची बिशाद काय चेअरमनसायबांना विचारायची!’ बातमी छापून येते तेव्हा ही दोन्ही वाक्यं विरघळलेली असतात आणि एकच शब्द उरलेला असतो: धाडस.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं इंग्रजी शब्दांची वही करतात. तीत ‘ऑडॅसिटी’समोर ‘धाडस’ लिहिलेलं असतं आणि बऱ्याच पानांनंतर ‘टेमेरिटी’समोरही ‘धाडस’च, फार तर ‘अविचारी धाडस’. पण या दोन इंग्रजी शब्दांतला फरक हा जवळपास सभेनंतरच्या त्या दोन वाक्यांमधला फरक आहे. तो मराठीला नीट कळतो. आपण छापताना आणि शिकवताना मात्र तो पुसून टाकतो, आणि हा काही केवळ भाषेच्या शुद्धाशुद्धतेचा मामला नाही.

दोन्ही शब्द लॅटिनमधून आलेले. ‘ऑडॅसिटी’च्या मुळाशी ‘ऑडेरे’ हे क्रियापद आहे, म्हणजे धजणं. ते स्वतः ‘अविदुस’ या विशेषणावरून आलं, ज्याचा अर्थ आसुसलेला. काहीतरी हवं आहे म्हणून माणूस धजतो, अशी ओढ त्या शब्दाच्या पोटात आहे. ‘टेमेरिटी’ आली ‘टेमेरे’ या क्रियाविशेषणावरून: न बघता, आंधळेपणानं, पडेल तसं. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत ‘तमस्’शी लावतात. मराठी मुलांना सांगायला याहून सोपी खूण नाही, टेमेरिटीत तम आहे. ही खूण असली की एक नेहमीची चूकही टळते. ‘टिमिडिटी’ म्हणजे भित्रेपणा. तो ‘टिमेरे’, म्हणजे घाबरणं, या वेगळ्या क्रियापदावरून आला. कानाला टिमिडिटी आणि टेमेरिटी जुळ्या बहिणी वाटतात, अर्थ मात्र एकमेकींच्या विरुद्ध टोकांचे आहेत, आणि पर्यायी प्रश्न काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

व्युत्पत्तीनं शब्दाचं घराणं कळतं, त्याची वागणूक कळायला त्याला वाक्यात बघावं लागतं. ऑडॅसिटी दोन्हीकडे चालते. एखादी योजना ‘ऑडेशस’ आहे म्हटलं तर ते बहुतेकदा कौतुक असतं, मोठी उडी आहे पण बेत आखून घेतलेली. उलट हल्लीची पोरं मोबाइलवर नुसतंच ‘द ऑडॅसिटी!’ असं लिहितात, तेव्हा त्याचा अर्थ ‘काय हा निर्लज्जपणा!’ असा होतो. टेमेरिटीला हा पहिला, कौतुकाचा अर्थ जवळजवळ नाहीच. ‘टेमेरेरियस’ हे तिचं विशेषण शब्दकोशात आहे, पण रोजच्या लिखाणात ते भेटत नाही. म्हणून ‘टेमेरिटीची योजना’ असलं काही इंग्रजीत कोणी म्हणत नाही. हा शब्द बहुतेक वेळा एकाच साच्यात येतो: अमक्याला तमुक करण्याची टेमेरिटी झाली. आणि त्या ‘तमुक’च्या जागी फार करून बोलण्याची क्रिया असते. विचारणं, सुचवणं, नकार देणं, हरकत घेणं.

इथं वहीतला ‘धाडस’ कमी पडतो. मराठीत या साच्याला नेमके शब्द आहेत, पण ते धाडसाच्या कुळातले नाहीत. बिशाद, टाप, मजाल, छाती. ‘त्याची काय टाप आहे!’ ‘कुणाची बिशाद हाय हात लावायची?’ हे शब्द या अर्थानं होकारार्थी वाक्यात सहसा बसत नाहीत. ‘माझी बिशाद आहे’ असं कोणी स्वतःबद्दल अभिमानानं म्हणत नाही. ते वरून खाली बोलायचे शब्द आहेत. बोलणारा पायरीवर उभा असतो आणि समोरच्याला त्याची पायरी दाखवत असतो. ‘बिशाद’ हा मूळचा अरबी ‘बिसात’: पसरलेलं अंथरूण, सतरंजी, सोंगट्यांचा पट, आणि त्यावरून पुढं ऐपत, कुवत. आपल्याकडं अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. ‘याची बिशाद काय’ हा प्रश्नही अंथरुणाच्या मापाचाच आहे, फक्त इथं माप दुसरा कोणीतरी घेतो आणि पाय आखडायला सांगतो.

होकारार्थी वाक्य करायचं झालं तर मराठी ‘मजल’ वापरते. मजल म्हणजे प्रवासातला टप्पा, मुक्काम. ‘थेट अध्यक्षांना जाब विचारण्यापर्यंत त्याची मजल गेली’ हे वाक्य टेमेरिटीचं चोख मराठी आहे. त्यात माणूस कुठून निघाला, कुठं पोचला आणि कुठं थांबायला हवा होता हे सगळं बोलणाऱ्याच्या नजरेतून आलेलं आहे.

तेव्हा पहिला फरक धोक्याच्या कमीजास्तपणाचा नाही. दोन्ही शब्दांना एक रेघ लागते, कोणीतरी ओलांडलेली. ऑडॅसिटी त्या रेघेकडे ओलांडणाऱ्याच्या बाजूनं बघू शकते, टेमेरिटी रेघ आखणाऱ्याच्या बाजूनं बघते. एकाच सभेतल्या एकाच प्रश्नाला दोन शब्द का मिळतात, हे यावरून कळावं.

अर्थात चांगले इंग्रजी लेखक टेमेरिटी पुष्कळदा तिरकसपणे वापरतात. ‘तिला पावती मागण्याची टेमेरिटी झाली’ असं लिहिलं असेल तर लेखक तिच्या बाजूचा असतो. पावती मागणं हा जणू उद्धटपणा, असं समजणाऱ्या दुकानदाराला तो चिमटा काढत असतो. याचं ‘तिने पावती मागण्याचे धाडस केले’ असं भाषांतर केलं की चिमटा तर जातोच, शिवाय पावती मागणं हे खरोखरच वाघाच्या गुहेत शिरण्यासारखं काम वाटायला लागतं. मराठीत याला फार जुनी आणि फार छान सोय आहे. ‘पावती मागायचं पाप तिनं केलं.’ झालं. एवढ्यात सगळं आलं.

आता ऑडॅसिटीचा कौतुकाचा अर्थ. शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्यांना गर्दी करणाऱ्या या गावाला तो फुटबॉलमधून चटकन समजेल. २० जून १९७६ रोजी बेलग्रेडमध्ये युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला, चेकोस्लोव्हाकिया विरुद्ध पश्चिम जर्मनी. २-२ अशा बरोबरीनंतर पेनल्टी. निर्णायक फटका अंतोनिन पानेंकाकडे आणि गोलात सेप मायर. पानेंकानं जोरात धावत येऊन चेंडूला खालून हलकेच उचललं. मायर आधीच एका बाजूला झेपावला होता आणि चेंडू मधोमध, तो उभा होता तिथूनच, जाळ्यात गेला. इंग्रजी वर्णनांत अशा फटक्यासाठी ‘ऑडेशस’ हा ठरलेला शब्द आहे. पण तो वेडेपणा का नव्हता? चेंडू गोलरेषेपासून ११ मीटरवर असतो. एवढ्या अंतरावरून जोरात मारलेल्या चेंडूला बघून मग उडी घ्यायला गोलरक्षकाजवळ वेळच नसतो, त्यामुळं तो बहुधा फटक्याच्या आधीच किंवा फटक्याबरोबर बाजू निवडतो. मध्ये थांबणारे थोडे. पानेंकानं या सवयीवर पैज लावली, फटक्याचा सराव आधी भरपूर करून ठेवला, आणि धावण्याचा वेग शेवटपर्यंत कमी होऊ दिला नाही, कारण वेग कमी झाला की रक्षक थबकतो. हाच फटका मे २०२१ मध्ये मँचेस्टर सिटीच्या सर्जिओ अग्वेरोनं चेल्सीविरुद्ध मारला आणि गोलरक्षकानं सावरून चेंडू सहज हातात घेतला. धाडस तेवढंच, पण चेंडू हळू आणि रक्षक परत जागेवर.

हिशेब करून ओलांडलेली रेघ कशी असते, याचे याहून मोठे दाखले याच जिल्ह्यात आहेत. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदानं पन्हाळा घेतला तो साठ माणसांनिशी. एवढ्या मोठ्या गडावर साठ माणसं हे ऐकायला वेड वाटतं. पण रात्र निवडलेली, चढायला कड्याची बाजू निवडलेली, आणि वर पोचल्यावर कर्णे फुंकून फौज मोठी असल्याचा भास केलेला. कमी माणसं ही त्या बेतातली उणीव नव्हती, तोच तो बेत होता. शंभरावर माणसं त्या कड्यानं आवाज न करता चढली नसती.

दुसरा दाखला तलवारीचा नाही. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी मागासवर्गीयांसाठी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. हा निर्णय ऑडेशस होता हे कोणीही सांगेल. त्याची घडण मात्र कमी लोक बघतात. हुकमात आकडा होता: ५० टक्के. मागासवर्गीय म्हणजे कोण, याची व्याख्या होती, तीही वगळायच्या जातींची नावं घेऊन. ज्या कार्यालयात त्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी, हा नियम होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हुकमानंतर केलेल्या नेमणुकांचं तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानं पाठवायचं होतं. हे शेवटचं कलम नसतं तर तो हुकूम दप्तरात निवांत झोपला असता. रेघ ओलांडण्याआधी पलीकडची जमीन कशी आहे हे बघून ठेवलेलं होतं, आणि ऑडॅसिटीचा चांगला अर्थ तिमाही पत्रकात असतो असं आम्ही म्हणतो ते याच कारणानं. ज्यांच्या जागा त्या हुकमानं निम्म्यावर आल्या, त्यांच्या बाजूनं बघितलं तर याच हुकमाला टेमेरिटी म्हणणं अगदी स्वाभाविक होतं. शब्द बदलतो, हुकूम तोच राहतो.

मग टेमेरिटीच्या मूळ अर्थाचं, काळोखात उडी घेण्याचं, उदाहरण कुठलं? इथं कोल्हापूरकराला अवघड जाईल असं एक ठिकाण येतं. गडहिंग्लज तालुक्यातलं नेसरी. २४ फेब्रुवारी १६७४. प्रतापराव गुजर आणि सहा स्वार आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण पडले. आदल्या वर्षी उमराणीला कोंडीत सापडलेल्या खानाला प्रतापरावांनी जाऊ दिलं होतं, त्याबद्दल शिवाजी महाराजांनी कडक शब्दांत नापसंती कळवली होती, तो सल मनात होता. सेनापती फौज मागं ठेवून सात जणांनिशी जातो, याला युद्धशास्त्राच्या भाषेत काय म्हणायचं ते कोणालाही कळतं. पन्हाळा आणि नेसरी यांच्यात पुरतं वर्षही नाही आणि दोन्ही आजच्या एकाच जिल्ह्यात. एक मोजून केलेलं, एक न मोजता.

आणि तरीही नेसरीला टेमेरिटी म्हणवत नाही. भावना दुखावतील हे त्याचं कारण नव्हे. टेमेरिटीत तुच्छता आहे, ‘तू कोण रे?’ आहे, आणि नेसरीच्या सातांना तो प्रश्न कोणी विचारू शकत नाही. मराठीनं त्या दौडीला ‘वेड’ म्हटलं. वेड या शब्दात हिशेब चुकल्याची कबुली आहे आणि माया पण आहे. वेड्या मुलीला, वेड्या भक्ताला, वेड्या वीराला आपण एकाच शब्दानं जवळ घेतो. इंग्रजीत हा शब्द नाही. म्हणजे इंग्रजी समृद्ध आणि मराठी दरिद्री असा हा मामला नाहीच. दोन्ही भाषांनी फरक वेगवेगळ्या ठिकाणी केले आहेत, आणि आपण ‘धाडस’ नावाच्या एकाच पोत्यात आपले फरकही भरतो आणि त्यांचेही.

या पोत्याचं सगळ्यात महाग बिल पावसाळ्यात येतं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. पण माणसं वाहून जायला ५५ फूट लागत नाहीत. दर पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यावरून गाडी घालणाऱ्यांची चित्रफीत फिरते आणि खाली शब्द असतात: धाडस, डेअरिंग, नाद खुळा. गणित साधं आहे. छोट्या मोटारीचा तळ साधारण ३.६ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद, म्हणजे पावणेसहा चौरस मीटर. तळाला पाणी टेकल्यानंतर ते १० सेंटिमीटर वर चढलं की गाडीला सुमारे पावणेसहाशे किलोची उचल मिळते. ९०० किलोच्या गाडीला तरंगायला १६ सेंटिमीटर पुरे. गाडीचा तळ जमिनीपासून १७ सेंटिमीटर धरला तर एकूण पाणी ३३ सेंटिमीटर, म्हणजे फूटभराहून किंचित जास्त, गुडघ्याच्या खालीच. पाणी आत झिरपून गाडी जड होईपर्यंत ती होडी असते, फक्त वल्हं नसलेली. इंजिन पुढं असल्यानं मागची बाजू आधी उचलते आणि गाडी आडवी फिरते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ढकल चौपट होते. पायी चाललेल्या माणसाला तर वेगात वाहणारं १५ सेंटिमीटर पाणीही पाडू शकतं.

त्यात आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळ्यापूर्वी त्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, कारण पुरानं त्यांच्यातून आणि त्यांच्यावरून जावं अशीच त्यांची रचना आहे. पूल म्हणून आपण ते वापरतो, पण अनेक ठिकाणी त्यांना कठडे नसतात किंवा नावापुरते असतात. गढूळ पाण्याखाली कडा कुठं संपते ते वरून दिसत नाही. पाण्यानं वरचा थर उखडलेला असेल तर तेही दिसत नाही. टेमेरे, न बघता, या शब्दाचा एवढा शब्दशः अर्थ दुसरीकडं क्वचित मिळेल.

गंमत अशी की इंग्रजीत या माणसाला टेमेरिटी हा शब्द सहसा लावत नाहीत. नदीची काही पत नसते की जी कोणी मोडली. तिथं इंग्रजी ‘रेकलेस’ म्हणेल, ‘फूलहार्डी’ म्हणेल. मराठीत ‘आततायीपणा’ आहे, ‘अविचार’ आहे, आणि साधा ‘आगाऊपणा’ आहे. हे शब्द वापरायला कोणी अडवलेलं नाही. आणि त्याच पाण्यात जाणाऱ्या बचाव पथकाला ऑडॅसिटी हा शब्दही लागू नाही. बुडणाऱ्याला काढायचा क्रम ठरलेला असतो: आधी काठी पोचते का बघा, नाही तर दोर किंवा हवा भरलेली ट्यूब फेका, नाही तर बोट घ्या, आणि स्वतः पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी, तेही लाइफ जॅकेट आणि कंबरेला दोर बांधून. यात कोणती रेघ मोडलेली नाही, उलट पाळलेली आहे. त्याला शौर्य म्हणावं, धैर्य म्हणावं. पण एकाच दिवशी बोटीवाल्यालाही ‘धाडसी’ आणि दुचाकीवाल्यालाही ‘धाडसी’ म्हटल्यावर बघणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरानं कोणासारखं व्हायचं ते कसं ठरवायचं? बोटीला पथक लागतं, दुचाकी घरातच असते.

थोडं विषयांतर. ‘डेअरिंग’ हा शब्द परका म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. इंग्रजी ‘डेअर’ आणि संस्कृत ‘धृष्’ ही एकाच मुळाची अपत्यं. त्याच धृष्वरून ‘धृष्ट’, त्यावरून मराठी ‘धीट’ आणि ‘धारिष्ट’. म्हणजे तालमीच्या कट्ट्यावरचं डेअरिंग आणि आजीच्या तोंडचं धारिष्ट ही चुलत भावंडं आहेत. आणि या घराण्यातही दोन्ही अर्थ नांदत आले आहेत. मराठीत पोर धीट असलं की कौतुक होतं, हिंदीत तेच ‘ढीठ’ झालं की ओरडा बसतो. ‘साहस’चं तर विचारूच नका. मनुस्मृतीत साहस म्हणजे मालकाच्या देखत, बळजबरीनं केलेला गुन्हा. नजरेआड केली तर ती चोरी. दंडाच्या पायऱ्यांनाच प्रथम, मध्यम आणि उत्तम साहस अशी नावं होती, २५०, ५०० आणि १००० पणांची. आज त्याच शब्दाचं शिबिर भरतं आणि पालक पैसे भरून मुलांना पाठवतात. आपली वर्तमानपत्रं ‘धाडसी घरफोडी’, ‘धाडसी दरोडा’ असं छापतात, तेव्हा इंग्रजीची नक्कल करता करता ती नकळत मनूपर्यंत जाऊन पोचतात. शाहूंच्या गावात हा योगायोग गमतीचाच. पण दरोड्याला ‘धाडसी’ हे विशेषण कशासाठी? ‘भरदिवसा’, ‘राजरोस’, ‘पोलीस चौकीपासून हाकेच्या अंतरावर’, यातलं जे खरं असेल ते लिहिलं तर वाचकाला माहिती मिळते आणि चोराला शाबासकी मिळत नाही.

परत सभेकडे. सभासदाच्या प्रश्नाला धाडस म्हणणं हे पुरातल्या गाडीला धाडस म्हणण्याइतकंच चुकीचं आहे, फक्त चूक उलट दिशेची आहे. पुरात खरी रेघ होती आणि ती दिसली नाही. सभेत रेघ नाहीच, आणि आपण शब्दानं ती आखतो. सहकार कायद्याच्या ३२व्या कलमानं सभासदाला संस्थेची कागदपत्रं बघायचा हक्क दिला आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६चा. त्यानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, आणि उशीर झाला तर १५ टक्के दरानं व्याज. मग ‘बिल चौदा दिवसांत का नाही, आणि व्याज कुठं आहे?’ असं विचारणारा कोणती मर्यादा ओलांडतो? महापालिकेत दहा रुपयांचं शुल्क भरून माहिती मागणारा आणि तीस दिवस वाट बघणारा कोणाच्या अंथरुणाबाहेर पाय काढतो? त्याच्या प्रश्नाला आपण कौतुकानं ‘धाडसी’ म्हणतो, तेव्हा ‘बिशाद काय’ म्हणणाऱ्याची रेघ आपण मान्य केलेली असते. फक्त त्याला त्यातून राग येतो आणि आपल्याला टाळी सुचते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कागदावरचा हक्क आणि मांडवातली हवा एक नसते. ज्याचा ऊस उभा आहे त्याला भीती असते ती तोडणीची. नोंदीच्या क्रमात तोडणीची टोळी आली नाही, हंगाम लांबला, उसाला तुरा आला की ऊस आतून पोकळ होत जातो आणि वजन घटतं. नुकसान एकरामागं टनांत मोजता येतं. वजनकाट्यावरच्या शंकेचंही तसंच, विचारणाऱ्याचीच गाडी उद्या त्याच काट्यावर चढणार असते. असा माणूस उठून प्रश्न विचारतो त्याला काहीच म्हणायचं नाही का? म्हणावं, पण ‘हिंमत’ म्हणावं. हिंमत माणसाच्या आतल्या भीतीशी झगडते, तिला कोणाची रेघ ओलांडावी लागत नाही. आणि हिंमत लिहिली की पुढचा प्रश्न आपोआप येतो, भीती कशाची होती? तिथं बातमीदाराला तोडणीचं वेळापत्रक, टोळ्यांचं वाटप, काट्याची तपासणी यांच्याकडं वळावं लागतं. ‘धाडस’ लिहिलं की बातमी त्या माणसाच्या छातीवर संपते आणि त्याला भीती घालणारी व्यवस्था चौकटीबाहेर राहते.

इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीही यात काम आहे आणि ते अवघड नाही. अर्थ एका शब्दात पाठ करून घेण्याऐवजी मुलांकडून वाक्य पूर्ण करून घ्यावं. कोण बोलतंय, कोणाबद्दल, आणि रेघ कोणाची, हे तीन प्रश्न आधी. साचा ‘अमुक करण्याची’ असा असेल आणि बोलणारा वरचा असेल तर टेमेरिटी, आणि मराठीत मजल किंवा बिशाद. तोच साचा पण लेखक खालच्याच्या बाजूचा असेल तर तीच टेमेरिटी, आणि मराठीत ‘पाप केलं’. योजना, फटका, चढाई यांच्यापुढं विशेषण हवं असेल तर ऑडेशस. मराठीत बेधडक, छातीठोक, आणि हो, धाडसीसुद्धा. तिथं तो शब्द शोभतो. नुसता राग व्यक्त करायचा असेल तर ऑडॅसिटीला निर्ढावलेपणा किंवा उद्दामपणा. पाणी, वीज, वेग यांच्याशी खेळ असेल तर दोन्ही इंग्रजी शब्द बाजूला ठेवून आततायीपणा लिहावं. मुलं हे एका तासात शिकतात. गाइड लिहिणाऱ्यांना वेळ लागेल, त्यांच्या रकान्यात एकाच शब्दाची जागा असते.

बातमीदारांसाठी तर याहून सोपं आहे. सभेच्या नोटिशीत शेवटचा विषय बहुधा ‘मा. अध्यक्षसो यांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांचा विचार करणे’ असा असतो आणि खाली तळटीप असते, ज्या सभासदांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी ते अमुक दिवस आधी लेखी द्यावेत. म्हणजे प्रश्न येणार हे छापणाऱ्यालाही ठाऊक आहे, त्यासाठी त्यानं मुदतही दिली आहे. मथळ्याला तेवढं पुरतं: ‘बिल चौदा दिवसांत का नाही? सभासदाचा लेखी प्रश्न’. आणि खाली, उत्तर मिळालं असेल तर उत्तर.